दहाच्या आत मावशी

प्रवराकाठच्या कोल्हारला पौष पौर्णिमेला भगवतीदेवीची यात्रा भरते. यात्रेच्या धामधुमीत हौशी नाटकाला कोण विचारतो? त्याचा मुहूर्त दिवाळीच्या सुट्टीतला. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं गावात असतात आणि भाऊबिजेला आलेल्या लेकी अजून परतलेल्या नसतात. खालचा घटनाक्रम कुठल्या एका वर्षाचा नाही. प्रवराकाठी अशी जी नाटकं उभी राहिली आणि आडवी झाली, त्या सगळ्यांचा मिळून आहे. नाटक मात्र एकच धरू, आचार्य अत्र्यांची ‘मोरूची मावशी’, म्हणजे पुरुषानं घेतलेलं मावशीचं सोंग. मूळ इंग्रजी ‘चार्लीज आंट’ हे 1892च्या डिसेंबरात लंडनला आलं तेही ऐन नाताळच्या तोंडावर. म्हणजे सुट्टी या नाटकाच्या मागे लंडनपासूनच लागलेली आहे.

सकाळी 9. शाळेचे बाक एकाला एक बांधून स्टेज तयार. वर सतरंजी, चार बांबू, मागे मंडपवाल्याचा पडदा. मावशीचं काम करणाऱ्यानं अजून मिशी काढलेली नाही. त्याच्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि उद्या पाहुणे मुलगा बघायला येणार आहेत.

दुपारी 12. शेवटची तालीम. हौशी नाटकाची तालीम रोज पहिल्या अंकापासून सुरू होते आणि चहा येतो तिथं थांबते. त्यामुळे पहिला अंक तोंडपाठ, दुसरा ओळखीचा आणि तिसरा देवीच्या हवाली. माझ्या मते घात इथंच होतो, रात्री फक्त तो दिसतो.

दुपारी 3. श्रीरामपूरहून ड्रेपरीवाला येतो. ट्रंकेतून नऊवारी, गंगावन, खोटे दागिने निघतात. गंगावन कुणाच्या डोक्याला कधी बसत नाही. ते काळ्या दोऱ्यानं कानामागून बांधावं लागतं आणि मान वळवली की अंबाडा अर्ध्या क्षणानं मागून वळतो. नऊवारी नेसवायला शेजारच्या काकू येतात. हाफपँटवरून काष्टा घालताना त्या एकच ताकीद देतात, ‘‘बसताना गुडघे जवळ ठेव रे बाबा.’’

संध्याकाळी 5. मिशी जाते. आरशासमोर दोन मिनिटं कुणी बोलत नाही.

संध्याकाळी 6. हवालदार येऊन सांगून जातो, दहाला माईक बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर भोंगा नाही. सणासुदीला बारापर्यंत सवलत मिळते, पण ती वर्षातून फार तर 15 दिवस आणि आजचा दिवस त्या यादीत नाही. मंडळ हिशेब घालतं की सातला पडदा उघडला तर तीन तास भरपूर होतात. हिशेबात चूक नाही. फक्त त्यात पाहुणे धरलेले नाहीत.

संध्याकाळी 7. बायकांनी पोती, चादरी टाकून जागा धरल्या आहेत. पाहुणे ‘निघालेत’.

7.50. पाहुणे येतात. नटराजपूजन, नारळ, आणि मग सत्कार. शाल-श्रीफळाच्या यादीत अकरा नावं होती. पुकारा सुरू झाल्यावर ध्यानात येतं की मंडपवाला राहिला आणि वर्गणी देणारे दोघं राहिले. एका ज्येष्ठांचं नाव त्यांच्या मानाने फार खाली आलं, म्हणून ते पुन्हा वर घेतात. प्रत्येक सत्कारमूर्ती ‘दोनच शब्द’ बोलतो. एक जण नट मधुकर तोरडमलांची आठवण काढतो, ते नगरच्या कॉलेजात प्राध्यापक होते म्हणून. त्यातून गाडी आजच्या शिक्षणाकडे, तिथून उसाच्या भावाकडे जाते. विंगेत मावशी घामानं निथळत उभी. पावडरीचे ओघळ थेट चोळीत.

8.55. तिसरी घंटा. मागे बांबूला टांगलेलं घड्याळ फक्त प्रॉम्प्टरला दिसतं.

9.10. मावशीची एन्ट्री. शिट्ट्या, टाळ्या, वन्स मोअर. पोरानं विजय चव्हाणांची मावशी मोबाईलवर पन्नासदा बघितलेली. तो ती ठुमक तशीच करून दाखवतो, मग पुन्हा, मग पदरची भर घालून. लोक आता नाटकाला हसत नाहीत, आपल्या ओळखीच्या पोराला हसतात आणि त्याला ते कळत नाही. कळलं तरी कुठला नट थांबला असता?

9.30. गळीत हंगाम लागलेला. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर नगर-मनमाड रस्त्यावरून गाणी लावून जातो आणि मोरूचा अख्खा प्रेमप्रवेश गिळतो.

9.42. प्रॉम्प्टर वेळ वाचवायला चार पानं एकदम उलटतो. त्यामुळे म्हातारा मावशीला आधी लग्नाची मागणी घालतो आणि मग विचारतो, ‘‘आपण कोण?’’ रात्रीतला सर्वांत मोठा हशा इथं. लेखकाच्या हाती असतं तर त्यानं तेच छापलं असतं.

9.55. मावशी गुडघे विसरून बसते. पुढच्या रांगेतल्या आज्या तोंडाला पदर लावतात.

10.00. माईक बंद. नट ओरडून बोलू लागतात. चौथ्या रांगेपर्यंत ऐकू येतं, मागचे चादरी झटकायला लागतात. मावशीचं सोंग उघडं पडतं ते शेवटी, आणि शेवटाला तर तालमीत कुणी हातच लावलेला नव्हता. पडदा ओढतात तो एका बाजूनं अडकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी 10. सफाचट ओठांचा नवरामुलगा पाहुण्यांपुढे कांदेपोह्यांची बशी धरून बसलेला. मुलीचा मामा रात्री नाटकाला मागे कुठंतरी बसलेला होता. तो घर, शेती, नोकरी काहीच विचारत नाही.

‘‘पुढं त्या मावशीचं काय झालं हो?’’