सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च, बर्मिंगहॅम

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात, सोळावा रस्ता आणि सहावी अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर असलेले कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट मंडळीचे चर्च. १९६३ च्या मे महिन्यात शाळकरी मुलांचे मोर्चे येथून निघाले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला वर्णद्वेष्ट्यांनी येथे घडवलेल्या स्फोटात चार मुली मारल्या गेल्या. या दोन घटनांमुळे नागरी हक्क चळवळीच्या इतिहासात या वास्तूला अनन्य स्थान आहे.

बर्मिंगहॅम १८७१ मध्ये वसले आणि लोखंड-पोलादाच्या कारखान्यांवर वाढले. मंडळीची स्थापना १८७३ मधली, म्हणजे शहराहून ती अवघ्या दोन वर्षांनी लहान. शहरातील कृष्णवर्णीयांची ही पहिली मंडळी होय. सुरुवातीच्या जागा बदलत ती सध्याच्या ठिकाणी आली. येथील पहिली विटांची इमारत पुढे पाडावी लागली आणि १९११ मध्ये आजची वास्तू पूर्ण झाली. तिचा आराखडा वॉलेस रेफील्ड या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाचा, तर बांधकाम टी. सी. विंडम या कृष्णवर्णीय कंत्राटदाराचे. ज्या काळात दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मतदानापासून पद्धतशीरपणे दूर ठेवले जात होते, त्या काळात आराखड्यापासून खर्चापर्यंत सर्व भार याच समाजाने उचलला. दर्शनी बाजूचे दोन मनोरे, रस्त्यापासून प्रवेशद्वारापर्यंत चढत जाणाऱ्या रुंद पायऱ्या, रोमनेस्क आणि बायझंटाइन वळणाच्या कमानी, रंगीत काचेच्या खिडक्या व तळघरातील सभागृह ही वास्तूची ठळक अंगे.

वर्णभेदाच्या कायद्यांमुळे शहरातील मोठी सभागृहे कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यामुळे व्याख्याने, संगीताचे कार्यक्रम आणि समाजाच्या बैठका येथेच भरत. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस, मेरी मॅक्लाउड बेथ्यून आणि पॉल रोबसन यांचे कार्यक्रम येथे झाले. चळवळीचे केंद्र म्हणून हेच चर्च पुढे आले, त्यामागे त्याचा आकार आणि मोक्याची जागा तर होतीच, पण अनेक दशकांची ही सवयही होती.

बर्मिंगहॅममधील लढ्याची सुरुवात मात्र येथून झाली नाही. शहराच्या उत्तर भागातील बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाळक फ्रेड शटल्सवर्थ यांनी १९५६ पासून तो नेटाने चालवला होता आणि त्याच वर्षी नाताळच्या रात्री त्यांच्या घरावर बाँब पडला होता. कृष्णवर्णीयांच्या घरांवर व चर्चवर इतके स्फोट होत की शहराला ‘बाँबिंगहॅम’ असे नाव पडले. शटल्सवर्थ यांच्या आमंत्रणावरून मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी आले आणि ३ एप्रिल १९६३ रोजी मोहीम सुरू झाली. दुकानांवर बहिष्कार घालणे, उपाहारगृहांत ठाण मांडणे, मोर्चे काढून अटक करवून घेणे हे तिचे मार्ग होते. १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, किंग यांना अटक झाली. ‘बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र’ म्हणून प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन याच कारावासातले.

तुरुंगात जायला तयार असलेल्या प्रौढांची संख्या पुरेना. नोकरी गेली तर घर कसे चालणार, हा प्रश्न प्रत्येकापुढे होता. तेव्हा किंग यांचे सहकारी जेम्स बेव्हेल यांनी विद्यार्थ्यांना उतरवण्याची कल्पना मांडली. अहिंसक प्रतिकाराचे शिक्षण बेव्हेल यांनी नॅशव्हिलमध्ये जेम्स लॉसन यांच्या वर्गांत घेतले होते. हे लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तेथे केला होता. नागपूरहून नॅशव्हिलमार्गे बर्मिंगहॅमच्या या पायऱ्यांपर्यंत पोहोचलेला हा धागा मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावा असा आहे. २ मे रोजी हजाराहून अधिक मुले शाळा सोडून येथे जमली आणि गटागटाने गात बाहेर पडली. शेकड्यांनी अटका झाल्या. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सुरक्षा आयुक्त बुल कॉनर याने समोरच्या केली इंग्रॅम पार्कच्या परिसरात मुलांवर अग्निशामक बंबांचे फवारे मारले, कुत्रे सोडले. त्याची छायाचित्रे जगभर गेली. १० मे रोजी व्यापाऱ्यांशी तडजोड होऊन दुकानांतील वर्णभेद टप्प्याटप्प्याने संपवण्याचे ठरले.

हा विजय कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेला सहन होणारा नव्हता. सप्टेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशाने काही शाळांत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळाला आणि त्याच आठवड्यात, रविवारी १५ सप्टेंबरला, सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी चर्चच्या बाहेरील पायऱ्यांखाली ठेवलेल्या डायनामाइटचा स्फोट झाला. त्या दिवशीच्या उपासनेत मुलांचा विशेष सहभाग होता. तळघरातील स्त्रियांच्या खोलीत मुली तयार होत होत्या. ॲडी मे कॉलिन्स, कॅरोल रॉबर्टसन, सिंथिया वेस्ली (तिघी १४ वर्षांच्या) आणि डेनिस मॅकनेअर (११) जागीच गेल्या. ॲडी मेची धाकटी बहीण सारा वाचली, पण तिचा एक डोळा कायमचा गेला. आणखी वीसेक जण जखमी झाले. त्याच दिवशी शहरात जॉनी रॉबिन्सन (१६) आणि व्हर्जिल वेअर (१३) ही दोन कृष्णवर्णीय मुले गोळ्यांना बळी पडली. जॉनीवर गोळी झाडणारा पोलीस होता. या दोघांची नावे बहुतेक वर्णनांत गाळली जातात. ती चौघींच्या बरोबरीने नोंदवणे आवश्यक आहे.

न्याय मिळण्यास लागलेला काळ हा या वास्तूच्या इतिहासाचा लज्जास्पद भाग आहे. एफबीआयला १९६५ पर्यंत चार संशयितांची नावे ठाऊक होती, तरी संचालक जे. एडगर हूव्हर यांनी खटल्याला वाट दिली नाही आणि १९६८ मध्ये तपास बंद झाला. अलाबामाचे महाधिवक्ता बिल बॅक्सली यांनी प्रकरण पुन्हा उघडले, तेव्हा १९७७ मध्ये रॉबर्ट चॅम्ब्लिस याला जन्मठेप झाली. थॉमस ब्लँटन २००१ मध्ये आणि बॉबी फ्रँक चेरी २००२ मध्ये दोषी ठरले. एफबीआयने १९६० च्या दशकात केलेली गुप्त ध्वनिमुद्रणे ब्लँटनच्या खटल्यात पुरावा म्हणून पुढे आली. पुरावा अनेक वर्षे सरकारदप्तरी होता, हे त्यातून उघड झाले. चौथा संशयित हर्मन कॅश आरोप ठेवला जाण्यापूर्वीच १९९४ मध्ये मरण पावला.

देशविदेशातून आलेल्या देणग्यांवर दुरुस्ती होऊन ७ जून १९६४ रोजी चर्च पुन्हा उघडले. सर्वांत लक्षणीय देणगी वेल्सच्या जनतेची. तेथील काच-कलाकार जॉन पेट्स यांनी नवी खिडकी घडवण्याची तयारी दाखवली, ‘वेस्टर्न मेल’ या वृत्तपत्राने वर्गणीचे आवाहन केले आणि एकाच धनिकाच्या नावे खिडकी होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या वर्गणीला अर्ध्या क्राउनची मर्यादा घातली. १९६५ मध्ये बसवलेल्या या खिडकीत हात फैलावलेला कृष्णवर्णीय ख्रिस्त आहे. त्याचा एक हात अन्याय दूर लोटतो, दुसरा क्षमा देऊ करतो. अमेरिकी दक्षिणेतल्या चर्चमध्ये त्या काळी ख्रिस्त असा दाखवणे हे धाडसच होते. खाली कोरलेले शब्द मत्तयकृत शुभवर्तमानातील, दीनदुबळ्यांशी केलेले वर्तन हे ख्रिस्ताशीच केलेले वर्तन होय, या आशयाच्या वचनातून घेतले आहेत. मागील सज्जावरची ही खिडकी पाहण्यासाठी वेदीकडे पाठ करून उभे राहावे लागते.

चर्चमध्ये आजही नियमित उपासना होते, म्हणून पाहुण्यांनी उपासनेच्या वेळा टाळून, आधी चौकशी करून मार्गदर्शित फेरीत सामील व्हावे. रविवारच्या उपासनेस येणाऱ्यांनी प्रेक्षक म्हणून नव्हे, मंडळीत सहभागी म्हणून बसावे, हे उचित. तळघरात चौघींचे स्मारक आहे. रस्ता ओलांडला की केली इंग्रॅम पार्क लागते. तेथे जेम्स ड्रेक यांच्या शिल्पात पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी कुत्रे झेपावतात आणि चालणाऱ्याला त्यांच्या मधून जावे लागते. एलिझाबेथ मॅकक्वीन यांचे चार मुलींचे शिल्प २०१३ मध्ये चर्चसमोरच्या कोपऱ्यावर उभे राहिले. त्यात ॲडी मे डेनिसच्या झग्याचा पट्टा बांधत आहे आणि डेनिस सहा कबुतरे उडवत आहे, चार मुलींसाठी आणि त्या दोन मुलांसाठी. शेजारीच १९९२ मध्ये सुरू झालेली बर्मिंगहॅम सिव्हिल राइट्स इन्स्टिट्यूट आहे. चळवळीचा क्रम समजून घेण्यासाठी आधी हे संग्रहालय पाहणे सोयीचे.

चर्चला २००६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी घोषित केलेल्या बर्मिंगहॅम नागरी हक्क राष्ट्रीय स्मारकाच्या परिसरात त्याचा समावेश आहे. किंग व त्यांचे सहकारी जेथे उतरत ते ए. जी. गॅस्टन मोटेलही याच स्मारकाचा भाग आहे. माँटगोमेरीचे डेक्स्टर अव्हेन्यू चर्च आणि शटल्सवर्थ यांचे बेथेल चर्च यांच्यासह हे चर्च युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांसाठीच्या अमेरिकेच्या तात्पुरत्या यादीत आहे.