हळदीने खटला जिंकला तो कशावर?

वसमत भागात हळदीची काढणी सुरू झाली की शिवारात जिकडे तिकडे बायका गड्ड्यांपासून ओली हळकुंडे मोडताना दिसतात. अशाच एका शेतात मी हळदीच्या गुणांविषयी बोलत होतो. एक वयस्क बाई हात पुढे करून म्हणाल्या, "भाऊ, हळद एवढी गुणाची, तर आमच्या हाताचं असं कामून झालं?" हातांना भेगा होत्या, कातडी सुरकुतलेली होती. मला उत्तर देता आले नाही.

तोवर मी शाळाशाळांतून सांगत आलो होतो की, हळदीने त्वचा तरुण राहते आणि हे अमेरिकेनेही मान्य केले. दुसरे विधान सरळ चुकीचे होते. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून आणण्यावर पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिले. पुराव्यांत जुने ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पण वाद होता तो ही माहिती नवी आहे का, एवढाच. हळद लागू पडते की नाही, याचा निवाडा पेटंट कार्यालयाने केलाच नाही. आपण जिंकलो ते जुनेपणावर. शिवाय विषय जखमेचा होता. म्हातारपण त्यात कुठेच नव्हते.

मग मी चरकसंहिता काढली. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात दहा-दहा औषधींचे गट आहेत. कुष्ठघ्न, म्हणजे त्वचारोगांवरच्या गटात हरिद्रा आहे. विषघ्न गटातही आहे. वर्ण उजळवणाऱ्या दहांत मात्र ती नाही, आणि वय टिकवून धरणाऱ्या 'वयःस्थापन' गटातही नाही. तिथे आवळा आहे, गुळवेल आहे. पुढे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात हळदीला 'वर्ण्य' म्हटले आहे. म्हणजे आजीच्या उटण्याला आधार आहे, पण तो रंगाचा आणि त्वचेच्या विकारांचा. सुरकुत्यांचा आधार मला या दोन ग्रंथांत सापडला नाही.

तो आला रसायनशास्त्रातून. हळदीचा पिवळा रंग, कर्क्युमिन, १८१५ मध्ये फोगेल आणि पेल्तिए यांनी वेगळा केला. त्याची रचना १९१० मध्ये कळली. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेत अस्थिर, आक्रमक कण तयार होतात. त्यांच्यामुळे त्वचेला ताठ ठेवणारे कोलाजेन तुटत जाते. कर्क्युमिन आपल्याकडचा हायड्रोजन देऊन त्या कणांना थंड करते. परीक्षानळीत हे छान दिसते, उंदरांवरही आशादायक प्रयोग झाले आहेत. माणसाच्या त्वचेवरचा पुरावा मात्र तोकडा आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पोटातून रक्तात फार थोडे पोचते, आणि उजेडात स्वतःच मोडते.

हे शेवटचे वाचले तेव्हा मला आई आठवली. लुगड्यावर हळद सांडली की ती ते धुऊन कडक उन्हात टाकायची. संध्याकाळपर्यंत डाग फिका पडायचा. ज्या उन्हापासून कातडी वाचवायची, तेच ऊन वाचवणाऱ्याला आधी खाते! प्रसाधने बनवणारे यावर मार्ग शोधतात, रंग काढून टाकलेले टेट्राहायड्रोकर्क्युमिन वापरतात. आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या हळदीची गोष्ट वेगळी.

२०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या हिंगोली जिल्ह्याला याचा सार्थ अभिमान आहे. पण तेही मूळ स्थान आणि त्या मातीशी जोडलेली ओळख सांगते. उद्या कुणी त्या चिठ्ठीच्या जोरावर चिरतारुण्याची डबी विकू लागला, तर तो माझीच जुनी चूक करत असेल.

पुढच्या काढणीला मी त्या बाईंना गाठले. म्हटले, "मावशी, हे उन्हानं अन् मातीनं झालंय. हळद त्याला पुरी पडत नाही. लांब बाह्यांचा सदरा घालत जा." त्यांनी नवऱ्याचा जुना शर्ट आधीच चढवला होता. हळकुंड मोडता मोडता म्हणाल्या, "ते आमाला ठावं हाय. तुमी हळदीचं सांगत होते, म्हणून इचारलं."