पाव आणि 'मोठ्याचे'

ठाण्यात बर्गर खावयास बसणाऱ्याने आधी पाव ओळखावा. तो जुना सोयरा. हे शहर १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते आणि 'पाव' हा शब्द त्यांचाच. आतल्या मांसाचा इतिहास मात्र कायद्याच्या पुस्तकात शोधावा लागतो. १९७६ च्या कायद्याने गोहत्या थांबली. बैल तेवढा दाखल्यावर कापता येई. तोही बंद करणारी दुरुस्ती १९९५ साली विधिमंडळाने संमत केली, आणि राष्ट्रपतींची मान्यता यावयास २०१५ उजाडले. वीस वर्षे! म्हैस आणि रेडा त्या बंदीतून वगळले गेले. तेव्हा यादीवर 'बीफ' लिहिले, तरी बशीत येते ते बहुधा म्हशीचे. खवय्याचे त्याने फारसे बिघडत नाही. चीज आणि मसाला सारे सांभाळून घेतात. बिघडले ते खाटकाचे, आणि ज्या चुलींवर 'मोठ्याचे' स्वस्तात शिजे, त्या घरांचे.