फुटबॉल प्रशिक्षक, सर्वश्रेष्ठ (भारत)

भारतीय फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक कोण, या वादात पहिले नाव बहुधा हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांचे घेतले जाते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने 1951 व 1962 च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळवले, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान गाठले, आणि हैदराबाद पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. मात्र तो काळ हौशी खेळाचा, म्हणजे खेळाडू नोकरी सांभाळून खेळत असत असा होता.

व्यावसायिक, म्हणजे वेतनी करारावर चालणाऱ्या खेळापुरता विचार केल्यास गोव्याच्या आर्मांदो कुलासो यांचा दावा सर्वांत भक्कम ठरतो. त्यांच्या धेंपो क्लबने 2004-05 व 2006-07 मध्ये राष्ट्रीय लीग आणि तिची जागा घेणारी आय-लीग 2007-08, 2009-10 व 2011-12 मध्ये जिंकली, तसेच 2008 मध्ये एएफसी चषकाची, म्हणजे आशियाई क्लबांच्या दुय्यम स्पर्धेची, उपांत्य फेरी गाठली. मुंबईत खेळाडू म्हणून कारकीर्द घडवलेले खालिद जमील यांनी 2016-17 मध्ये मिझोरामच्या छोट्या ऐझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली. साधनांच्या तुलनेत हे यश अधिक थक्क करणारे असले, तरी सातत्याच्या कसोटीवर कुलासोच पुढे राहतात. कुलासो यांना 2024 चा द्रोणाचार्य पुरस्कार जीवनगौरव विभागात मिळाला.