दुहेरी व्होल्टेजची मोटर
जोडणी बदलून दोन वेगळ्या व्होल्टेजांवर चालणारी विद्युत मोटर. अमेरिकी वर्कशॉपमधल्या लेथ, ड्रिल, करवत यांवर ११५/२३० व्होल्टची सिंगल-फेज मोटर सर्रास आढळते. तिच्या मुख्य वाइंडिंगचे दोन भाग (टी-१, टी-२ आणि टी-३, टी-४) समांतर जोडले की ११५, एकसर जोडले की २३० व्होल्ट. दोन्ही जोडण्यांत प्रत्येक भागाला व्होल्टेज तेवढेच मिळते. त्यामुळे २३० व्होल्टवर ताकद वाढत नाही, समज काहीही असो, लाइनचा प्रवाह मात्र निम्मा होतो. स्टार्टिंग वाइंडिंग बहुधा एकाच भागाला समांतर राहते. स्टार्टिंग वाइंडिंगची टोके (टी-५, टी-८) अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. अशी मोटर भारतात वापरली तर २३० व्होल्ट जुळतात, पण ६० ऐवजी ५० हर्ट्‌झमुळे चार ध्रुवांच्या मोटरीचा वेग मिनिटाला १७२५ वरून सुमारे १४२५ फेऱ्यांवर उतरतो आणि ती जास्त तापते.