तारेंतील गुणगुण

हल्लीं पुष्कळ घरांतून ध्वनिमुद्रण होऊं लागलें आहे. एका खोलींत मायक्रोफोन, ध्वनिवर्धक व संगणक मांडला कीं गाणें टिपतां येतें. परंतु टिपलेलें गाणें ऐकावयास बसावें, तों स्वरामागें एक मंद, अखंड गुणगुण ऐकूं येते. हिचें कूळ शोधूं गेल्यास आपणांस जवळजवळ दोन शतकें मागें जावें लागतें.

आरंभीं तारायंत्राच्या मंडलास वीज जाण्यासाठीं एक आणि परत येण्यासाठीं दुसरी अशी तार लागे. १८३८ सालीं म्यूनिकच्या स्टाइनहाइल या शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, तारेचीं दोन्ही टोकें जमिनींत पुरलेल्या धातूच्या पत्र्यांस जोडलीं, तर परतीची तार लागतच नाहीं. तें काम पृथ्वी करते. तारेचा निम्मा खर्च वांचला! १८७६ सालीं बेलनें टेलिफोनचें पेटंट मिळविलें, तेव्हां टेलिफोनवाल्यांनींही हीच काटकसर उचलली.

पुढें या वाटेवर दुसरा प्रवासी आला. १८८८ सालीं अमेरिकेंत रिचमंड शहरीं फ्रँक स्प्रेग यानें विजेची ट्रॅम यशस्वी रीतीनें चालविली, व तिचा प्रसार झपाट्यानें झाला. ट्रॅमचा प्रबळ प्रवाह रुळांवाटे परत जाई आणि त्याचा कांहीं अंश जमिनींत पसरे. त्याच जमिनींतून टेलिफोनचा क्षीण प्रवाहही जात असल्यामुळें बोलणाऱ्यांच्या कानांत घरघर सुरू झाली. सिनसिनाटी येथील टेलिफोन कंपनीनें ट्रॅम कंपनीवर दावा लावला. परंतु १८९१ सालीं ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल ट्रॅमच्या बाजूनें दिला: रस्ता मुख्यत्वेंकरून रहदारीसाठीं आहे, टेलिफोनची अडचण ट्रॅम थांबविण्यास पुरेशी नाहीं.

मग टेलिफोनवाल्यांना उपाय आपल्याच घरीं करणें प्राप्त झालें. तो बेलनें १८८१ मध्येंच पेटंट करून ठेवला होता. परतीसाठीं स्वतंत्र तार घ्यावी व दोन्ही तारा एकमेकींभोंवतीं पिळाव्या. असें केलें म्हणजे बाहेरचा उपद्रव दोहोंस सारखाच होतो. आणि ऐकण्याचें यंत्र दोहोंमधील फरक तेवढाच घेत असल्यामुळें तो फिटून जातो. तारेचा खर्च दुप्पट झाला, पण बोलणें स्वच्छ झालें.

आतां आपल्या खोलींत येऊं. येथें ट्रॅमची जागा घरच्या विजेनें घेतली आहे. आपल्या देशांत ती सेकंदास ५० आवर्तनें करते; म्हणून गुणगुणही ५० किंवा तिच्या पटींतील आवर्तनांची असते. प्रत्येक यंत्राचें अर्थिंग तीन पिनांच्या प्लगांतून होतें. त्यांतच तीं यंत्रें ध्वनीच्या तारेच्या जाळीदार आवरणानेंही जोडलीं गेलीं, म्हणजे एक बंद कडें तयार होतें. त्यांतून फिरणारा विजेचा अंश ध्वनींत मिसळतो.

कडें कोठें आहे हें पाहण्यासाठीं, आवाज अगदीं कमी करून, ध्वनीच्या तारा एकेक सोडवून पाहाव्या. जिच्यापाशीं गुणगुण थांबेल, तेथें तें बहुधा असतें. मग सर्व यंत्रें एकाच बोर्डावर लावावीं. यंत्रांत सोय असल्यास आवरणाच्या आंत दोन तारा असलेली जोडणी वापरावी. मायक्रोफोनची तार विजेच्या तारेपासून दूर न्यावी. ओलांडणें भागच असेल तर काटकोनांत ओलांडावी. इतक्यानेंही न भागल्यास ध्वनीच्या वाटेवर लहानसा ट्रान्सफॉर्मर घालावा.

कित्येक लोक मात्र प्लगाची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. गुणगुण थांबते, पण उद्यां एखाद्या यंत्राच्या धातूच्या पेटीस विजेची तार आंतून लागली, तर ओठ मायक्रोफोनला व हात गिटारीच्या तारांना लावून उभा असलेला गायकच त्या विजेची वाट होईल. १८३८ सालीं पृथ्वीकडे तार वांचविण्याचें काम दिलें होतें. आज तिच्याकडे माणूस वांचविण्याचें काम आहे. तें काढून घेऊं नये. ध्वनीला त्याची स्वतंत्र वाट करून द्यावी.