कॅसेटच्या कव्हरवर नसलेली नावे

एखाद्या संगीतप्रेमीने एका दशकातल्या आपल्या आवडत्या ध्वनिमुद्रिका निवडाव्यात आणि त्यांच्यावर लिहावे, ही मराठीतली जुनी हौस आहे. भावगीत, नाट्यगीत, गझल, चित्रपटगीत यांच्या अशा याद्या दिवाळी अंकांतून येत राहिल्या. त्यांत गायक असतो, कवी असतो, संगीतकार असतो, वर्ष असते. भीमगीत नसते. ते नसल्याचे आश्चर्य वाटण्याचे दिवस आता गेले. परंतु आपण स्वतः अशी यादी करायला बसलो की जी अडचण उभी राहते, तिचे आश्चर्य मला अजून वाटते. आपल्याजवळ गाणे आहे, आवाज आहे, एकेका कडव्यावर जीव टाकणारा श्रोता आहे. गाण्याचा कागद मात्र नाही.

माझे दशक पंचांगातले नाही. १४ एप्रिल १९८१ ते १४ एप्रिल १९९१, म्हणजे बाबासाहेबांची नव्वदावी जयंती ते शताब्दी, ही दहा वर्षे मी धरतो. या दहा वर्षांत कॅसेट खेड्यात आली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला होता, त्यापायी माणसे मारली गेली होती, घरे जळाली होती, आणि या सबंध दशकात तो ठराव तसाच पडून होता. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. १९८७ साली बाबासाहेबांच्या ग्रंथमालेचा चौथा खंड निघाला आणि 'रिडल्स'वरून पुन्हा रस्त्यावर यावे लागले. १९९० मध्ये भारतरत्न आले. त्या काळातली भीमगीते ऐकायची तर हे सारे मागे वाजते आहे हे लक्षात ठेवून ऐकावी लागतात.

गाणे त्याआधीही होतेच. सत्यशोधक जलशाने वाट पाडली, विदर्भात मोहप्याच्या किसन फागू बनसोडे यांनी कीर्तन, कविता आणि पद यांतून अस्पृश्यांना जागे केले, भीमराव कर्डकांच्या जलशाने १९३०च्या दशकापासून गावोगाव बाबासाहेबांचा विचार पोहोचवला. पण जलसा तबकडीत मावणारा नव्हता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. जलशातला गण, बतावणी, सवाल-जवाब, मध्येच गायकाने गायन थांबवून केलेला उपदेश, हे सगळे तीन मिनिटांत कसे बसवायचे? शिवाय तबकडी काढायची तर मोठ्या कंपनीची मर्जी हवी. ग्रामोफोन घेण्याची ऐपत असलेल्या घरांत जे विकले जाईल तेच ती काढणार. महारवाड्यात ग्रामोफोन किती होते, हा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही.

कॅसेटने हे गणित मोडले. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. तिच्यात कव्वालीचा मुकाबला बसतो, शेर बसतो, गायकाने मधेच घेतलेला श्वास बसतो. लहान भांडवलावर कारखाना टाकता येऊ लागला. गुलशनकुमार यांची टी-सिरीज १९८३ साली निघाली आणि तिच्या आगेमागे कितीतरी छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. या कंपन्यांना भीमगीताचे प्रेम होते असे नव्हे. जयंती, महापरिनिर्वाण दिन आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन हे तीन खात्रीचे हंगाम आहेत, हे त्यांना कळले. बाजाराने आपल्याला ओळखले ते ग्राहक म्हणून. तरीही जे काम कोणत्याही सांस्कृतिक संस्थेने केले नाही ते या बाजाराने स्वार्थापोटी केले, हे नाकारून चालणार नाही.

रोहणा हे आर्वी तालुक्यातले कापसाचे गाव. पुलगाव ते आर्वी अशी नॅरोगेजची छोटी रेल्वे इथून जात असे. ती पुढे बंद पडली. त्या गाडीने पुलगाव, तिथून मोठ्या गाडीने वर्धा, नागपूर आणि दीक्षाभूमी, असा आमचा दसऱ्याचा रस्ता. परतताना पिशवीत पुस्तके, बुद्धमूर्ती आणि कॅसेटी. वस्तीत टेप एखाददुसऱ्या घरी असायचा. सेलवर चालायचा म्हणून वीज नसलेल्या झोपडीतही वाजायचा. फीत गुंतली तर पेन्सिल घालून गुंडाळायची, तुटली तर चिकटवायची. कॅसेट एकाची, श्रोते वस्तीभर. ज्याला इंग्रजीत अल्बम म्हणतात, म्हणजे एकट्याने कपाटात जपून ठेवायची आणि एकट्याने ऐकायची वस्तू, तसे तिचे स्वरूप कधीच नव्हते.

माझ्या निवडीत पहिली येते ती प्रल्हाद शिंद्यांची. या आवाजाविषयी सावधपणे बोलले पाहिजे, कारण आपल्यातले काही कार्यकर्ते त्याच्यावर रागावलेले मी पाहिले आहेत. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांनी भीमगीते गायिली आणि विठ्ठलाची गाणीही गायिली. आषाढी आली की गावातल्या देवळाच्या भोंग्यावर त्यांचा आवाज, आणि एप्रिलमध्ये आमच्या पंचशील ध्वजाखालच्या भोंग्यावर तोच आवाज. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला हे खटकणे साहजिक आहे. पण राग गायकावर काढून प्रश्न सुटत नाही. पंढरीच्या वारीला त्यांचा गळा चालला. त्याच गळ्यातली भीमगीते गावातल्या किती घरांत वाजली? आवाज उचलायचा आणि त्या आवाजामागचा विचार वस्तीच्या हद्दीबाहेर ठेवायचा, ही वाटणी गायकाने केलेली नाही. बलुतेदारीत डफडे वाजवणारा लग्नात लागायचा, पंगतीत नको असायचा. कॅसेटच्या दुकानातही तीच रीत निराळ्या वेशात चालली. त्यांचे पुत्र आनंद शिंदे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले ते पोपटाच्या गाण्याने. तेच आनंद शिंदे भीमगीते गातात हे ज्यांना माहीत नसते, त्यांच्या घरीही पोपट वाजलेला असतो.

दुसरी कॅसेट विठ्ठल उमपांची. शाहिरी, कव्वाली, कोळीगीत, 'जांभूळ आख्यान' हे सारे एका माणसात होते. पण मला त्यांच्यात आवडते ती त्यांची घाई नसणे. शब्द आधी नीट पोहोचवायचा, मग ताल. १५ जुलै १९३१ रोजी मुंबईत नायगावला जन्मलेला हा शाहीर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात गेला. आमच्याकडे नागोराव पाटणकरांच्या कव्वालीची एक कॅसेट होती, तिला मी उमपांच्या शेजारी बसवतो. मुंबईच्या गायकांची नावे सर्वत्र घेतली जातात, विदर्भातल्या कव्वालांची घेतली जात नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आता ज्या अडचणीसाठी लिहायला घेतले तिच्याकडे येतो. या कॅसेटी आज हातात घेतल्या तर त्यांना नावाने वेगळे करता येत नाही. निम्म्यांवर 'भीमगीते' एवढेच लिहिलेले. गायकाचे नाव मोठ्या अक्षरात, फोटो रंगीत, कंपनीचा शिक्का ठळक. वर्ष नाही. वादकांची नावे नाहीत. आणि पुष्कळांवर कवीचेही नाव नाही, असले तर 'पारंपरिक' असे लिहून मोकळे झालेले. कालपरवा हयात असलेल्या माणसाने लिहिलेले गाणे पारंपरिक कसे होते? ज्याला परंपरेने काहीच दिले नाही, त्याचे गाणे तेवढे परंपरेच्या नावावर जमा! गाणी एकरकमी बिदागीवर दिली जात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणे दुसऱ्याकडून गाऊन घेण्याची मुभा होती. ज्याच्या नावाची नोंदच नाही त्याला रॉयल्टी कोण आणि कुठे पोचवणार? गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्याने पक्का केला तो २०१२च्या दुरुस्तीने. तोवर वामनदादा कर्डक जाऊन आठ वर्षे झाली होती. १५ मे २००४ रोजी वामनदादा गेले, २३ जूनला प्रल्हाद शिंदे. दीड महिन्यात लेखणी आणि गळा दोन्ही गेले.

वामनदादांनी मात्र यावर आपल्या परीने तोड काढून ठेवली होती, असे मला वाटते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मोठेपणी अक्षरे शिकला, ३ मे १९४३ रोजी पहिले गीत लिहिले आणि मग आयुष्यभर खेड्यापाड्यांतून गात फिरला. त्यांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात बहुधा 'वामन' येतो. संतांच्या अभंगात नाममुद्रा असते, गझलेच्या मक्त्यात तखल्लुस असतो, तशी ही मुद्रा. अभ्यासक तिला काव्यरूढी म्हणून सोडून देतात. मला ती रूढीपेक्षा नोंदणी वाटते. कव्हरवरचे नाव गाळता येते; चालीत आणि यमकात बसवलेले नाव गाळले तर गाणेच लंगडे होते. ज्याला छापखान्याचा भरवसा नाही तो आपले नाव गाणाऱ्याच्या तोंडात ठेवतो. म्हणून माझ्या दशकातली तिसरी कॅसेट कुठल्याच कंपनीची नाही. विदर्भातल्या एका खेड्यात वामनदादा गात असताना कोणीतरी समोर टेप ठेवून भरून घेतलेली, तिसऱ्या-चौथ्या हाताची प्रत. मुले रडताहेत, कुत्रे भुंकते आहे, दादांचा आवाज बसलेला आहे. विकत घेतलेल्या कोणत्याही कॅसेटपेक्षा मी ती वर ठेवतो. पुढे १९९३ मध्ये वर्ध्याला आंबेडकरी साहित्य संमेलन भरले तेव्हा त्याचे अध्यक्षपद वामनदादांकडे होते. साहित्याने त्यांना साहित्यिक म्हणून हाक मारली ती एवढ्या उशिरा.

नोंद ठेवणे अशक्य होते असे कोणी म्हणेल तर त्याने जात्यावरच्या ओव्यांचे काम पाहावे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी बायकांकडून लाखभर ओव्या जमवल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत गाणारीचे नाव आहे, गाव आहे, तारीख आहे. जात्यावर बसलेल्या बाईचे नाव टिपता येते आणि स्टुडिओत पैसे मोजून बोलावलेल्या ढोलकीवाल्याचे टिपता येत नाही, हे पटणारे नाही. इच्छा नव्हती, एवढेच.

आजचे तरुण डीजे लावतात म्हणून आमच्या पिढीतले लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. औरंगाबादकडच्या कडुबाई खरात एकतारीवर गातात आणि मोबाइलवरून महाराष्ट्रभर ऐकल्या जातात, याचा मला आनंदच होतो. परंतु मोबाइलवर जुनी कॅसेट चढवणारा तरुणही गायकाचे नाव लिहितो, कवीचे विसरतो. जुने कव्हर त्याला तेवढेच सांगते. फितीवरचा चुंबकी थर दरवर्षी झडतो आहे. ज्या शिक्षकांच्या वर्गात अशा गायकांची नातवंडे बसतात त्यांनी एक वही करावी: गाणे, कवी, कोणाच्या पार्टीत, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, कोणत्या जयंतीला गायिले. विद्यापीठाच्या प्रबंधासाठी थांबू नये. माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

माझ्या यादीतली शेवटची कॅसेट अशा वहीअभावी निनावी राहिली आहे. आर्वीच्या बाजारात घेतलेली, कव्हर केव्हाच हरवलेले. पहिल्या बाजूला शेवटचे गाणे एका बाईच्या आवाजात आहे. रमाईवरचे. साथीला फक्त पेटी आणि टाळी. इतके साधे आणि इतके थेट गाणे मी त्या दहा वर्षांत दुसरे ऐकले नाही. चार कडवी पूर्ण आहेत. पाचवे, ज्यात कवीचे नाव यायचे, ते सुरू होते, पहिली ओळ होते, दुसरीचे दोन शब्द होतात आणि फीत संपते.